जपानहून आलेली सही

जबलपूरच्या नेपियर टाउन पोस्टात रांगेत माझ्या पुढच्या आजोबांनी खिडकीतून जपानचं पाकीट घेतलं आणि तिथेच थबकले. सोबत आजी. मग काय, मी कान टवकारलेच!

"फोडा न! दिवाळीपर्यंत उत्तर नाही आलं, तर रेडिओ भंगारात. ठरलं होतं आपलं."

"थांब शेवंता, चष्मा तर लावू दे."

"भाषा कळत नाही, अन् रोज संध्याकाळी खरखर ऐकत बसता. लिहिलं तरी काय होतं त्या स्टेशनवाल्यांना?"

"ऐकलं तेच. सात वाजून दहा मिनिटं. तीन घंट्या. मग एक बाई बोलता बोलता हसली."

"अन् ते म्हणतील, हो, आमचीच बाई?"

"तसंच लिहिलंय इंग्रजीत, बघ! एका जिल्ह्यापुरतं स्टेशन आहे त्यांचं. जबलपूरला ऐकू आलं, यावर त्यांचाच विश्वास बसेना. टेप लावून पाहिली. घंट्या तीनच."

"अन् खाली ही सही?"

"हसली न, तिची."

"अगं बाई! तिच्या हातची?"

"बाबूजी, पीछे लाइन लगी है, आगे बढ़िए!"

"रुको भैया, जपान से आया है!... अहो, आज साताला रेडिओजवळ माझी बी खुर्ची ठेवा."