मोरी-सानांची काडतुसं

कोबेला नव्याने आले तेव्हा मी दर सोमवारी सूर्यास्तापर्यंत मौन पाळायचं व्रत धरलं होतं. अशाच एका सोमवारी शेजारच्या मोरी-सानांकडे प्रसाद द्यायला गेले. शिकारीची काडतुसं ते घरीच भरत, प्रत्येकात बंदुकीची दारू अगदी तोलून. दुप्पट पडली तर रायफल तोंडावरच फुटते, हे त्यांनीच मला सांगितलेलं. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. बोलून परत आल्यावर त्यांनी भरलेल्याच काडतुसात पुन्हा दारू ओतली, असं मला वाटलं. ते वर गोळी बसवायला लागले आणि मी बोलून गेले, "थांबा. एकात दोनदा पडलीय."

"कुठल्यात?"

"नक्की नाही सांगता येत."

त्यांनी एकूण एक काडतूस उपडं केलं.

"आणि मी चुकले असेन तर?"

"तर दुपार गेली, जोशी-सान. डोळे राहिले."

नुसती शंका आली ना, तरी तुम्हीही बोला हो. महादेव समजून घेतो.