दोरी कोण ओढणार?

नवरा : फ्रिज धरला, टीव्ही धरला, पाण्याची मोटार धरली. गीझरही धरू का?

बायको : हत्तीच घ्या ना एखादा. बांधायला अंगण आहेच.

नवरा : चेष्टा नको. जनरेटर काय रोज घेतो का आपण? लाइट गेली तरी आख्खं घर चाललं पाहिजे.

बायको : आख्खं घर नाही चालवायचं. आईंचं ऑक्सिजनचं मशीन चालवायचंय. वर एक पंखा, एक दिवा. आणि लवकर ठरवा हो. शेजारच्या काकू तासभरच बसणार आहेत त्यांच्याजवळ. माझेही पाय गळून गेलेत.

दुकानदार : बसा ना वहिनी, हे खोकं ओढून घ्या. आत्ता लाइट गेली की काय करता?

बायको : कोपऱ्यातला सिलिंडर लावते. तो संपत आला की त्याच्या काट्याकडे बघत बसते. मागच्या आठवड्यात काटा पार तळाला टेकला, तेव्हा कुठे लाइट आली. आई म्हणाल्या, ‘सुटले असते गं, तूही सुटली असतीस.’ हसत म्हणाल्या. मला नाही हसू आलं.

नवरा : हे फोनवर नाही बोललीस.

बायको : तुम्ही तिकडे कामावर टॉवरवर चढलेले असता. तिथला वाराच अर्धं बोलणं खातो.

दुकानदार : मग साहेब, हा मधला बघा. मशीन, पंखा, दिवे, शिवाय फ्रिजही घेईल. आवाज बेताचा. फक्त घरात ठेवायचा नाही, गॅलरीतही नाही. याचा धूर जीव घेतो. अंगणात, खिडकीपासून लांब ठेवा आणि वायर आत घ्या.

नवरा : चालू कसा करायचा?

दुकानदार : ही दोरी. एक झटका... हा बघा, लागला! पोरखेळ आहे.

नवरा : वा! हाच द्या. बिल करा.

बायको : थांबा. बंद करा तो. मी ओढून बघते.

नवरा : तू कशाला? दाखवलं ना त्यांनी.

बायको : लाइट गेली की ते येणार आहेत का आपल्याकडे?

(दोरीची खरखर. पुन्हा खरखर. मग काहीच नाही.)

दुकानदार : जरा जोर लावा वहिनी. खांद्यातून.

बायको : इथंच तर घोडं पेंड खातंय. खांदाच नाही उरला.

नवरा : म्हणजे? काय झालं खांद्याला?

बायको : आईंना या कुशीवरून त्या कुशीवर वळवून वळवून गेला. हात इथवर येतो. याच्या वर नाही.

नवरा : कधीपासून?

बायको : केस कापले तेव्हापासून.

नवरा : केसांचा काय संबंध?

बायको : वेणी घालायला हात मागे जाईना, म्हणून कापले. तुम्ही फोटो बघून म्हणालात, नवीन फॅशन छान दिसतेय.

नवरा : मला खरंच वाटलं तसं.

बायको : मलाही बरं वाटलं होतं ऐकून. खोटं कशाला सांगू?

दुकानदार : वहिनी, बटणाचा आहे एक, चाकं लावलेला. मागे ठेवलाय. चूक माझीच. चालू कोण करणार, हे मी आधी विचारायला हवं होतं. येणारा प्रत्येक जण काय काय चालेल तेवढंच विचारतो, मलाही तीच सवय लागली.

नवरा : आणा तो. टीव्ही, मोटार, सगळं राहू दे.

दुकानदार : याला बॅटरी आहे. आठवड्यातून एकदा सुरू करत जा, नाहीतर ती बसेल आणि पुन्हा दोरीच नशिबी येईल. हं, दाबा.

बायको : लागला! अहो, बोटानं लागला.

नवरा : मग डोळ्यांत पाणी कशाला?

बायको : भीती वाटायची हो मला. लाइट असतानासुद्धा वाटायची. पंखा जरा हळू झाला तरी मी ताटावरून उठायचे.

नवरा : आज आईला मी वळवतो. उद्याही मीच.

बायको : सोमवारी परत कामावर जाताय तुम्ही.

नवरा : सोमवारपर्यंत तरी.

बायको : बरं. मग सोमवारपर्यंत मी झोपते.