अर्ध्या वाटेवरची होडी

(विश्रांतवाडीतली पत्र्याची शेड. पूरबचाव मंडळाची होडी भिंतीशी उलटी घातली आहे. शेजारी तिचा ट्रेलर, डावं चाक नसलेला, विटांवर टेकवलेला. मंडळ चालवणाऱ्या श्यामसुंदर यांची मुलगी हेमा आणि मंडळाच्या जीपचे चालक दत्तोबा.)

हेमा : तेच विचारायला आलेय, दत्तोबाकाका. महिना झाला, बाबा घराचा जिना उतरलेले नाहीत. आई ताट नेऊन ठेवते आणि तासाभराने तसंच उचलते. काही विचारलं की एकच उत्तर, बेअरिंग माझ्याकडून राहिलं. चौतीस वर्षं पोरांना यंत्रं शिकवलेल्या माणसाकडून बेअरिंग राहतं, हे मला पटत नाही.

दत्तोबा : बसा ताई. स्टूल पुसून देतो.

हेमा : बसायला नाही आले.

दत्तोबा : मंग उभ्यानंच ऐका. सरांकडनं काय राह्यलं नव्हतं.

हेमा : मग कोणाकडून?

दत्तोबा : या ट्रेलरचं कसं हाय, होडी पान्यात सोडायची म्हंजे चाकं बी पान्यात जात्यात. खडकवासल्याला सरावाला जायाचो. एवढं पळून चाकं तापल्याली, तशीच गार पान्यात. मंग ती आत पानी वढून घेत्यात. बेअरिंगमधल्या ग्रीसचं पार ताक व्हतं. सरांचा नेम व्हता, पावसाळ्याआधी दोन्ही चाकं खोलायची. बेअरिंग रॉकेलनं धुवायचं, गोळी न् गोळी बघायची, नवं ग्रीस तळहातानं दाबून भरायचं, सील नवं घालायचं. पाच वर्सं आमी दोघांनी मिळून केलं. यंदा त्यांचं डोळ्याचं ऑपरेशन निघालं.

हेमा : मोतीबिंदू. मे महिन्यातच.

दत्तोबा : मला म्हनले, यंदा तू एकटा कर. उजवं चाक म्या खोललं, नीट केलं. डाव्याचा नट गंजून बसल्याला. दोन दिस झगडलो, हालंना. मंग वरची टोपी काढली, दिसंल तेवढ्यात ग्रीस भरलं आनि टोपी ठोकून बसवली. सरांना फोनवर सांगितलं, झाली दोन्ही.

हेमा : आणि तुमचं 'झाली' त्यांनी खरं धरलं.

दत्तोबा : का धरू नये? पाच वर्सांत म्या त्यांच्याशी कदी खोटं बोललो नव्हतो.

हेमा : पुराकडे निघालात त्या दिवशी वाटेत गेलं ते डावंच?

दत्तोबा : डावंच. शिरवळला सर म्हनले, थांब, उतरून चाकाला हात लावून बघू. चटका बसला तर पुढं जायाचं न्हाय. म्या म्हनलं, येळ जाईल, लोकं पुरात हायेत. खंबाटकी उतरलो आनि मागचा ट्रकवाला हात करायला लागला. आरशात बघतो तर धूर. थांबेस्तवर चाक निखळून उसात गेलं. सकाळचे नऊ वाजले व्हते. गोळ्यांचा निसता भुगा. सरांनी आत बोट घातलं, तांबडं पानी लागलं. माझ्याकडं बघितलं, बोट रुमालाला पुसलं आनि म्हनले, रस्त्यावर उभा राहा, टेम्पो थांबव.

हेमा : तो नट अजून तसाच आहे?

दत्तोबा : न्हाय. त्यो नट म्या परवा गॅसवाल्याकडं तापवून घेतला. पाच मिनटांत सुटला.

हेमा : काका, तुम्ही आत्ता माझ्याबरोबर चला. हे सगळं बाबांसमोर सांगा. मग तुम्हाला काय बोलायचं ते मी नंतर बोलेन. पण आधी त्यांच्या मनावरचं ओझं तरी उतरू दे.

दत्तोबा : सांगितलंय, ताई. तिसऱ्याच दिवशी घरी आलो व्हतो. तुमी हापिसात व्हता. पाय धरून सगळं बोललो. सर म्हनले, मला ते रस्त्यावरच कळलं होतं.

हेमा : मग स्वतःवर का घेतात?

दत्तोबा : बेअरिंगचं नाव सांगत्यात, दुसरं तोंडातनं निघत नसंल. बायडाबाईच्या फोनचं बोलले का तुमच्यापाशी?

हेमा : कोण बायडाबाई?

दत्तोबा : जिच्यासाठी निघालो व्हतो ती. ती, तिची सून आनि सुनंची दोन लेकरं, गोठ्याच्या स्लॅबवर अडकल्याली. सरांचा नंबर पोलीसपाटलानं तिला दिल्याला. शिरवळच्या पुढं तिचा फोन आला. म्या गाडी चालवत ऐकत व्हतो. म्हनली, शेजाऱ्यानं गूळ कढवायची मोठी काहील होडीवानी तरंगवत आनलीया, एक फेरी झाली, आता आमाला न्यायला आलाय. बसू का, असं इचारत व्हती.

हेमा : बाबा काय म्हणाले?

दत्तोबा : म्हनले, बसू नका. काहील उलटते, तुमच्याजवळ लेकरं आहेत. आमची होडी अर्ध्या वाटेवर आहे, अडीच तासांत पोचतो.

हेमा : आणि तिने ऐकलं.

दत्तोबा : ऐकलं. शेजाऱ्याला म्हनली, आमाला पुन्याची होडी येतीया, तू दुसरीकडं जा. त्यो पलीकडच्या वस्तीवर गेला, तिथली मानसं सुखरूप काढली. हे पाटलानं मागनं सांगितलं.

हेमा : चाक गेल्यावर बाबांनी तिला कळवलं नाही?

दत्तोबा : लावत व्हते की. रस्त्याच्या कडंला बसून पाच तास लावत व्हते. लागलाच न्हाय. दोनला एक कोंबड्यांचा टेम्पो थांबला. जाळ्या उतरवून होडी चढवली. पोचलो तवा सहा वाजत आले व्हते. पाटलानं बोट केलं तिथवर गेलो. स्लॅब बी दिसंना, निसतं पानी. सर पुन्ना पुन्ना इचारत व्हते, हाच ना गोठा, नक्की हाच ना.

हेमा : पण त्यांचं चूक कुठे होतं? काहिलीत दोन लेकरं घेऊन... ती खरंच उलटली असती तर?

दत्तोबा : म्या बी तेच म्हनलं, पाय धरले तवा. सर म्हनले, उलटली नाही ना, दत्तोबा.

हेमा : आईला यातलं काही माहीत नाही.

दत्तोबा : नगा सांगू.

हेमा : नाही सांगत. मी तरी कशाला विचारायला आले, असं झालंय.

दत्तोबा : मंडळ काय म्हनतंय?

हेमा : होडी पानशेतच्या एका रिसॉर्टवाल्याला द्यायचं ठरलंय. रविवारी त्याची माणसं येतील, शेडची किल्ली त्यांच्याकडे द्या.

दत्तोबा : देतो. पर ताई, नदीकाठच्या धा-पंधरा गावांच्या पाटलांकडं सरांचा नंबर हाय. पुढच्या पावसाळ्यात कुनी फोन केला तर?

हेमा : लागणार नाही. काल बाबांनी तो नंबर बंद करायला सांगितला. मीच करून आले.