महापौरांचा फेटा

आमच्या सरपंचाची अक्कल ऐकायची का? चहा तेवढा खाली ठेवा, न्हाईतर सांडंल.

रांजणगावच्या आमच्या कंपनीत कोरियाच्या बुसानकडच्या कुठल्याशा शहराचे महापौर आले व्हते. सरपंचभाऊंनी हट्टानं त्यांना गावात सत्काराला बोलावलं. वीस फुटी फ्लेक्स लावला, त्यावर डोक्यापासनं पायापतुर भाऊच. पाव्हण्याच्या फोटोला जागाच उरली न्हाई.

गाडी आली. पुढनं एक म्हातारा कोरियन उतरला. त्यानं आपली बॅग काढून घेतली आन् मागच्यांसाठी दार धरून उभा राहिला. सगळ्यात शेवटी कोटातला दुसरा कोरियन उतरला. भाऊंनी धावत जाऊन त्यालाच फेटा बांधला. तो बिचारा काही बोलाया तोंड उघडायचा, की भाऊ हातात नारळ द्यायचे. वर म्हाताऱ्याला म्हणाले, "ओ आप्पा, सरका बाजूला, फोटोत येताय."

भाषण संपलं तवा फेटेवाला हिंदीत म्हणाला, "मैं तो इंटरप्रेटर हूँ. मेयर साहब वो हैं."

मी नंतर इचारलं, "भाऊ, एवढी चूक कशी केली तुम्ही?"

भाऊ माझ्यावरच खेकसले, "आरं, आपली बॅग आपण उचलणारा माणूस पुढारी असंल, हे कुणाला कळणार?"