चहाच्या रांगेतल्या दोघी

आत महिला हँडबॉलच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेची फायनल रंगात आली होती. बाहेर चहाच्या रांगेत माझ्यापुढच्या दोघी बायका एकमेकींना पुढे जायचा आग्रह करत होत्या.

“तुम्ही व्हा पुढे.”

“मला नकोय हो चहा. माझी लेक गोलमध्ये उभी आहे. तिच्या अंगावर बॉल आदळतात ते बघवत नाही, म्हणून आले बाहेर.”

“चहा मलाही नकोय.”

“तुम्हाला काय झालं? तुमची तर राखीव गोलकीपर, मस्त बाकावर बसलीय.”

“म्हणूनच आले. खरं सांगू? रागावू नका.”

“सांगा तर.”

“तुमच्या लेकीनं गोल सोडला की मला मनात गुदगुल्या होतात. माझी मलाच लाज वाटली.”

“अगं बाई! आणि सकाळी मी माझ्या डब्यातलं तुम्हाला खाऊ घातलं!”

“तेच तर! घास घशाखाली उतरेना.”

तेवढ्यात लाऊडस्पीकर खरखरला. गोलकीपर बदलली होती.

“अहो, तुमची आली खेळायला! पळा आत!”

“तुम्हीही चला की. आता तुमची बाकावर सुखरूप आहे.”

“नको बाई, मी इथेच बरी. आता गुदगुल्यांची पाळी माझी.”