व्हॅन खाली बसवायची होती

जुनी कॅम्पर व्हॅन जरा खाली बसवायची, तिची उंची कमी करायची म्हणजे काय ताप असतो, ते मला विचारा! चाकांवरच्या स्प्रिंगच्या कमानीत ठोकळे घालायचे की तिचा एक पाटा काढायचा, यावर महिनाभर घरच्यांचं डोकं खाल्लं. शेवटी पाटा काढायचं ठरलं. मिस्त्रीला बजावून आलो. संध्याकाळी जातो तर व्हॅन आणखी उंच! आत चढायला स्टूल लागलं.

"मिस्त्री, पाटा काढायला सांगितला होता ना?"

"व्हय की. पण हितं सगळे मालगाडीवाले जादा वजन पेलावं म्हणून पाटा वाढवायलाच येत्यात. हाताला सवय लागलीय, घातला एक जास्तीचा."

"अहो, पण मला गाडी खाली पाहिजे!"

आता तोच माझ्यावर वैतागला.

"मग सांगोल्याला जावा आन् डाळिंबं भरा. आपोआप बसंल की खाली!"