पट्टीवर धरलेला बॉल

हसा तुमी, पर त्या दिवशी माजी पार फाटलीती. तालीम चुकवून हाटेलातल्या मशिनीवर पिनबॉल खेळत हुतो. बॉल खाली पडला की डाव खलास. म्हून बॉल खाली याय लागला की बटण दाबून धरायचं, मग बॉल उडवायची पट्टी वरच ऱ्हाती आन् बॉल तिच्यावर गप बसतो. तसा बसवला, तवर मागनं आमच्या वडलांचा आवाज.

"तालमीत दिसला न्हाईस?"

आबा जुनं पैलवान. चालू कुस्तीत कुणाला हात लावायचा न्हाई, ह्यो त्यांचा नेम.

"आबा, डाव चालू हाय."

"व्हय? मग संपू दे की. बसतो मी."

खुर्ची ओढून बसलं, चा मागवला. माजं बोट अवघडलं, तरी बटण सोडंना.

"धर, धर. मला घाई न्हाई."

तेवढ्यात लाईट गेली. अंधारात पट्टी पडली, बॉल घरंगळत खाली गेला आन् मागं खुर्ची सरकली.